मामांनी घेतलेलं सोंग

माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे आमच्या मामांच्या, पायांची बरोबरी करील असं वाहन हिंगोली जिल्ह्यात अजून आलेलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. सत्तरीला टेकलेला हा माणूस सेनगावला लेकीकडे जायचं असलं की एसटी स्टँडला वळसा घालून पायीच निघतो. बसल्या जागी गाव येतंय, त्यात काय मजा, असं त्यांचं म्हणणं. जन्म मेंढरांमागे गेल्यामुळे माणसांकडेही ते कळपासारखंच बघतात. मी शिकवते त्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला आले, तर फाटकात उभं राहून दोन-दोनच्या जोडीनं अख्खी शाळा आत जाताना आणि बाहेर पडताना मोजली आणि मुख्याध्यापिकाबाईंना एक लेकरू कमी भरतंय म्हणून सांगितलं. ते लेकरू पडद्यामागे झोपलेलं सापडलं.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी कळप विकला. दोन्ही मुलं नोकरीला लागली होती, मागे फिरायला कोणी उरलं नव्हतं. ते आमच्याकडे हिंगोलीत आले आणि रोज पहाटे रस्त्याला लागू लागले. धोतर खोचून, कातडी वहाणा घालून ते बूटवाल्या पोरांना मागे टाकत. त्या पोरांनी मॅरेथॉन ठरवली तेव्हा मामांना गळ घातली, की प्राण्याच्या वेषात बेचाळीस किलोमीटर पळायचा विक्रम तुम्हीच करा. अट एकच होती. शेवटपर्यंत मुखवटा काढायचा नाही.

वेष निवडायला आम्ही नांदेडला गेलो. त्यासाठी मामा एसटीतही बसले. दुकानदारानं वाघ काढला, तर मेंढरांनी काय म्हणावं, म्हणून त्यांनी तो परत केला. अस्वल उकडेल म्हणून गेलं, ससा हसतो म्हणून गेला. शेवटी एक पांढरीशुभ्र, गुलाबी कानांची मेंढी निघाली. मामा तिचा ओठ उचलून दात बघायला गेले, आणि मग हळूच तिला टेबलावर ठेवून म्हणाले, असलं मेंढरू आपल्या मुलखात नसतंय.

मग घरीच शिवायचं ठरलं. शेवटच्या कातरणीची काळी लोकर त्यांनी पलंगाखाली पोत्यात जपून ठेवली होती, हे मला तेव्हा कळलं. जुन्या अंगरख्यावर मी ती टाचत गेले. कान त्यांनी तीनदा उसवायला लावले. लांब हवेत, पडलेले हवेत, डावा टोकाशी जरा फाटका हवा. कपाळावर पांढरा ठिपका हवा. आम्ही कुठलीतरी मेंढी शिवत नव्हतो, हे हळूहळू माझ्या लक्षात आलं.

"ही कोण, मामा?" मी विचारलं.

"व्हती एक," ते म्हणाले आणि सुईत दोरा ओवू लागले.

शर्यतीच्या दिवशी मी पाण्याच्या बाटल्या घेऊन स्कूटीवरून मागे होते. औंढ्याच्या रस्त्यानं अर्ध्यातून परत फिरलो तेव्हा मामा विक्रमाच्या वेळेच्या पुढे होते. तेवढ्यात कडेच्या सोयाबीन निघालेल्या रानात एक कळप चरताना दिसला. मामांचे पाय मंदावले. दोन पायांवर येणारी ती मेंढी बघून कळप मात्र बिथरला आणि थेट रस्त्याकडे सुटला. समोरून ट्रक येत होता. कळपामागे एकटाच म्हातारा मेंढपाळ होता, आणि तो लांब होता.

मामांनी मुखवटा उपटून फेकला आणि ते कळपाला आडवे गेले.

"मीच हाय रं. काहून भेता?"

त्या मेंढरांनी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं. तरी ती थांबली.

विक्रम गेलाच होता, पण शर्यत तरी पुरी व्हावी म्हणून मी त्यांना वेळेची आठवण करून दिली. ते एका लंगडणाऱ्या मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. "व्हय, आलो," म्हणाले, आणि आले नाहीत. मागची बूटवाली पोरं एकेक करून पुढे निघून गेली.

संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. मामा भाकरी नुसती कुस्करत होते.

"हट्टा गावाकडं निघालेत म्हनं ते मेंढरंवाले," शेवटी म्हणाले. "मागं मानूस कमी हाय त्यांच्या."

मी मामांना आणखी थोडं कालवण वाढलं; हट्ट्याची वाट लांबची होती.