कात्री तिची, शिलाई मावशींची

परभणीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. सुरुवातीला मी आणि एक मावशी, दोघीच होतो. मावशी वयानं मोठ्या, हळू शिवायच्या, पण त्यांच्याबद्दल कधी कुणाची तक्रार आली नाही. पुढं लग्नसराईत काम आवरेना, म्हणून मी आणखी एक बाई ठेवली. ती पेडगावहून एसटीनं यायची.

ती आली त्याच दिवशी एका गिऱ्हाइकानं मोबाइलवर ब्लाऊजचा फोटो दाखवला. पाठीवर नुसत्या पाकळ्याच पाकळ्या. मी नाहीच म्हणणार होते. हिनं फोटो मोठा करून पाहिला, खडूनं कापडावर रेघा ओढल्या आणि कात्री चालवली. ब्लाऊज असा बसला की ती बाई आरशापुढून हलेना.

पण हिच्या तोंडाला लगाम नव्हता. गिऱ्हाइकाला सरळ म्हणायची, "ह्यो रंग तुमाला न्हाई शोभत." शेजारच्या मशीनवर काही वाकडं दिसलं की स्वतःचं काम टाकून तिकडं धावायची. मी समजावलं की म्हणायची, "बरं ताई," आणि परत तेच. एक दिवस तर मावशींनी शिवलेली बाही तिनं गिऱ्हाइकासमोर उचलली आणि उसवायलाच घेतली.

"काय करायलीस?" मी ओरडले.

"चुण्या कमीजास्त झाल्यात. बगा की."

चुण्या खरंच कमीजास्त होत्या. मावशींनी चष्मा पिशवीत टाकला आणि घरी निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्याच नाहीत.

"काढून टाक तिला," आमचे मिस्टर म्हणाले. मला ते पटत होतं, पण झेपत नव्हतं. जिंतूरच्या एका लग्नातले नवरीचे आणि करवल्यांचे सगळे ब्लाऊज आमच्याकडं आले होते.

मी मावशींच्या घरी गेले. त्या म्हणाल्या, "बाही चुकली आसंल माझी. पण मला हळूच सांगायचं ना. लोकांपुढं कशाला उसवायचं?"

परत आल्यावर मी हिला कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहाला नेलं. "तुझ्यासारखं कटिंग मला जन्मात जमणार न्हाई," मी म्हणाले. "आता कापायचं सगळं तुझ्याकडं. पण दुसरीच्या शिलाईला न विचारता हात लावायचा न्हाई. आन् मावशींना तूच घेऊन यायचं."

तिनं कप खाली ठेवला. "त्या न्हाई आल्या तर?"

"तर तूबी येऊ नको."

बोलून तर गेले, पण ते ब्लाऊज मग कोण कापणार होतं?

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोघींचाही पत्ता नव्हता. माझं मशीनपेक्षा रस्त्याकडंच जास्त लक्ष. मग दुकानापुढं एक ऑटो थांबला आणि दोघी उतरल्या, भांडतच. मावशींनी तिला घरी बसवून हातानं तुरपाई करायला लावली होती, आणि तिथं बाईसाहेबांचा हात अगदीच कच्चा निघाला होता.

"दोनदा उसवलं ताई माझं ह्यांनी!" ती म्हणाली. मावशींचा चेहरा असा खुलला होता की मला हसू आवरेना.

ती फार बदलली असं नाही. आता "मावशी, उसवू का?" असं विचारते, पण इतक्या मोठ्यानं की समोरच्या किराणा दुकानात ऐकू जातं. गिऱ्हाइकाशी मीच बोलते. तिनं मध्ये तोंड उघडलं की मागून हळूच चिमटा काढते.

जिंतूरच्या त्या लग्नाला आम्हा तिघींना आमंत्रण होतं. नवरी स्टेजवर पाठमोरी झाली तशी हिनं मावशींना कोपर मारलं. "बगा, पाठ कशी बसलीय!"

"लय भारी बसलीय," मावशी म्हणाल्या. "आता चल जेवायला. पंगत भरायली."