मोजणीकाकांचं राहिलेलं प्रकरण

"नकाशा नाही? मग लेखक तिथं गेलाच नव्हता!" नवी कादंबरी हातात घेतली की काका आधी ती उलटी धरून झटकायचे. आत घडी करून ठेवलेला नकाशा खाली पडेल, अशी त्यांना आशा असायची.

नाशिकच्या आमच्या छोट्या वाचनालयात माझी वीस वर्षं गेली. तऱ्हेवाईक वाचक तुम्हीही पाहिले असतील, पण असा नाही. पाटबंधारे खात्यातले निवृत्त सर्व्हेअर, म्हणून सगळे त्यांना मोजणीकाका म्हणत. वाचून झालेल्या कादंबरीतल्या गावाचा नकाशा ते पेन्सिलीने काढून पुस्तकासोबत परत करायचे. एका खूनकथेचा नकाशा माझ्यापुढे आपटून म्हणाले, "ताई, खुनी या दारातून पळूच शकत नाही. इथं संडास आहे!" मी हसून हसून बेजार.

पुस्तक अर्धं टाकणाऱ्यांना ते फैलावर घेत. "ताटात टाकता का हो असं?"

अशा माणसाने गेल्या वर्षी एक कादंबरी शेवटचं प्रकरण न वाचता परत आणली.

अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियन डोंगरांतली, जुन्या काळातली गोष्ट. मराठी अनुवाद चांगला जाडजूड. धरणासाठी एक खोरं रिकामं करतात. लोक आपल्या पुरलेल्या माणसांनासुद्धा उकरून वर नेतात. त्यात एक तरुण सर्व्हेअर आहे. एक म्हातारी त्याला रोज जेवू घालते आणि तो तिच्याच चुलीपर्यंत टेप लावतो.

"ताई, हा मीच हो," काका म्हणाले. "इगतपुरीकडच्या गावात मीही असाच ताक-भात खाल्ला. बावीस वर्षांचा होतो. ज्या घरी जेवलो, तेच मोजलं. सगळं पाण्याखाली गेलं. ती म्हातारी शेवटी त्याला माफ करते का, एवढं वाचून सांगाल? माझी छाती होत नाही."

त्यांनी दिलेला नकाशा मी उघडला. अमेरिका कुठली! मारुतीचा पार, भाताची खाचरं, एकेक घर, घरावर कारभाऱ्याचं नाव. पन्नासहून जास्त वर्षं या माणसाने अख्खं गाव डोक्यात सांभाळलं होतं! घरांच्या तिसऱ्या ओळीत माझ्या आजोबांचं नाव होतं.

ते गाव म्हणजे माझ्या आईचं माहेर. काकांजवळ मी हे कधी बोलले नव्हते. बुडालेल्या गावाचं बोलायचं तरी काय?

शेवटचं प्रकरण मी वाचलं. म्हातारी त्याच्याशी एक शब्द न बोलता निघून जाते. हे कोणत्या तोंडाने सांगू? मी काकांना सरळ आमच्या घरी नेलं.

आई नकाशावर वाकली. बोट घरोघर फिरायला लागलं. "ही विहीर... हे आमचं परसू... अगं बया, जांभळीसुद्धा हाय!" काका दाराशीच उभे होते. मी आईला सांगून टाकलं, की गावाची मोजणी यांनीच केली होती.

आईचं बोट पुन्हा पहिल्या घरापासून फिरायला लागलं. मला वाटलं, आता काही खरं नाही.

"एक राहिलं," ती म्हणाली.

काकांचा चेहरा उतरला. "कुणाचं घर?"

"तुमची राहुटी. आंब्याखाली व्हती. मी पोर व्हते, ताकाचा तांब्या घेऊन यायची ना तिथं. काढा की ती."

"ती गावात धरत नाहीत, बाई."

"कोण धरत नाय? दोन महिने आमच्यात जेवला तुमी. काढा म्हणते ना!"

काकांनी खिशातून पेन्सिल काढली. जन्मभर सरळ रेघ मारलेला हात, पण राहुटीचा त्रिकोण काही जमेना. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. आईने कागद दाबून धरला, तेव्हा कुठे जमला.

काकांना परत सोडायला जाताना मी विचारलं, "कादंबरीचा शेवट सांगू?"

"नको," काका म्हणाले. "राहू दे."

या पावसाळ्यात काका गेले. नकाशा आईच्या उशाशी असतो. घरी कोणी आलं की ती तो उघडते, आंब्याखालच्या वाकड्या त्रिकोणावर बोट ठेवते आणि सांगते, "हे आमच्या गावचे मोजणीवाले." आपलं घर ती नंतर दाखवते.