सगळ्यांना खुली खोली

त्या गुरुवारी ऑक्टोबरचं ऊन असं तापलं होतं, की चिंचपोकळी स्टेशनच्या पुलाचा कठडा हाताला चटका देत होता. आमच्या कॉम्प्युटरच्या ऑफिसातला एसीसुद्धा गरम हवा टाकत होता. मी तिथे दार उघडतो, पाणी भरतो, चहा करतो. शाळेचं आणि माझं कधी जमलं नाही, पण किस्से न शिकताही गोळा होतात. आमच्याकडे तर त्यासाठी वहीच आहे, खिळ्याला टांगलेली, चुकांची. ज्याची चूक त्याने आपल्या हाताने लिहायची. सगळ्यात जास्त पानं मालकाची, म्हणजे परागची!

*

पहिल्या दसऱ्याला मी हार घेऊन विचारलं, सर्व्हर कुठे ठेवलाय? सगळी कामं त्याच्यावर चालतात म्हणे, तर पूजा आधी त्याची.

पराग म्हणाला, "काका, तो भाड्याचा आहे. कुठल्या गावात आहे ते मलाही माहीत नाही."

"भाडं भरतोस आणि खोली बघितली नाहीस?"

शेवटी हार मी कीबोर्डला घातला. पुढे महिनाभर बटणांखालून झेंडूच्या पाकळ्या निघत होत्या.

*

सायली ही माझ्या शेजारच्या सुलोचनावहिनींची नात. परागकडे शब्द मीच टाकला होता. तीन महिने ट्रायल, जमलं तर पक्की.

तिने मला टीमक्स नावाचा प्रोग्रॅम समजावला. सर्व्हरवर एक खोली उघडायची, आत काम लावायचं, दार ओढून आपण घरी जायचं. काम आत चालू राहतं. मी म्हटलं, तुझी आजी कुकर लावून पाणी भरायला जाते, तसंच की.

"तसंच. फक्त शिट्टी ऐकू येत नाही."

*

त्या गुरुवारी शिट्टीच हवी होती. गिरगावातल्या एका वाचनालयाच्या जुन्या पुस्तकांचे फोटो सोमवारपासून अशाच एका खोलीतून नव्या जागी चालले होते. शुक्रवारी सगळं पोचायला हवं होतं. काम परागने मालकाच्या नावाने लावलं, त्या नावाला ते लोक रूट म्हणतात, आणि स्वतः विमानात बसला. सायली आपल्या नावाने आत डोकावायला गेली, तर 'परमिशन डिनाइड'.

पोरगी चाळीतली. आमच्याकडे दाराने अडवलं की ते सताड उघडं टाकतात. अडीनडीला म्हणून परागने तिला मालकाचा अधिकार देऊन ठेवला होता. तो वापरून तिने हुकूम सोडला, ही खोली सगळ्यांना खुली. झालं! मशीन म्हणे, इतक्या उघड्या दाराची खोली धोक्याची, आता मी कोणालाच आत सोडणार नाही. मालकालासुद्धा नाही.

सर्व्हर बंद करून चालू केला तर चार दिवसांचं काम पाण्यात. तरी तिचा हात तिकडेच चालला होता. डोळे भरले होते. ट्रायलचे आठ दिवस उरले होते.

मी चहा ठेवला. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण अडकलेल्या कुलपात चावी जोराने फिरवायची नाही, एवढं ठाऊक आहे.

"पोरी, शेवटचं काय फिरवलंस? तेवढंच उलटं फिरव."

ती थांबली. नाक पुसलं. दार पुन्हा फक्त मालकापुरतं केलं आणि मालकाच्या नावाने आत गेली. काम चालूच होतं. एकेका पुस्तकाचं नाव वर सरकत होतं. आम्ही दोघं बघत बसलो. चहा निवून गेला.

*

तिने लगेच वही काढली. मी म्हटलं, आठ दिवस थांब, पक्की झालीस की लिही.

"काका, मग तिला चुकांची वही कशाला म्हणायचं?"

शुक्रवारी सगळे फोटो वेळेत पोचले. सोमवारी परत आल्यावर परागने ते पान उभ्यानेच वाचलं. मग पेन काढून खाली लिहिलं, 'रूटने काम लावून निघून गेलो, पहिली चूक माझी.' वही खिळ्याला अडकवत म्हणाला, "पुढचं काम तुझ्याच नावाने लाव. तू पक्की."

आजीला फोनवर नको, समोर जाऊन सांगा, म्हणत सायलीने मला तडक घरी पिटाळलं. वहिनींचं दार नेहमीसारखं सताड उघडं. चाळीस वर्षं मी त्यातून सरळ आत जातोय. त्या दिवशी का कोण जाणे, उंबऱ्याशी थांबलो आणि चौकटीवर टकटक केलं.

वहिनी सुक्या कोळंबीचे सोडे निवडत होत्या. मान वर करून म्हणाल्या, "भावजी, आमच्या दारात तुमका परमिशन कधीपासून लागता?"