लाल निशाणाचा दिवस

माहा साडभाऊ, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, पुसदले राहते अन् घरी बसून शेअरचा धंदा करते. मी इकडे दिग्रसले पाइप-मोटरच्या दुकानात दिवसभर उभा, अन् हा गडी बनियनवर बसून कमावते. खरं सांगतो, मले त्याचं सुख पाहावत नाही. त्यात लेकाचा स्वभावानं इतका चांगला, की शिवी द्यायले बी जागा ठेवत नाही.

त्याची गाडी दारात आली की माही बायको फाटकापर्यंत जाते. आमच्यासाठी एक जुनी गाडी घ्यायची म्हणून मी कवाचे पैसे बाजूला टाकत होतो, पण तिले स्वतःच्या गाडीत बसवायचं राहूनच गेलतं. "त्याईले बरं जमते," इतकंच ती म्हणे, अन् मले त्या दिवशी जेवण जात नसे.

शेवटी मी त्याले विचारलंच, बाबा, तुले समजते तरी कसं? त्यानं काही न लपवता मोबाइलवर इकॉनॉमिक कॅलेंडर काढून दाखवलं. व्याजदर कधी ठरणार, महागाईचे आकडे कधी येणार, अमेरिकेतल्या नोकऱ्यांचा अहवाल कधी, सगळं तारीखवार. बाजार हलवणाऱ्या मोठ्या बातमीपुढं लाल निशाण. हे पाह्यल्याशिवाय मी सौदा करत नाही भाऊ, म्हणाला. मले तेवढं बस होतं. पुढचं विचारायची गरजच वाटली नाही.

मी कापसाच्या गावात वाढलेला माणूस. आमच्याकडे हंगामाच्या मुहूर्ताले जो पहिली गाडी लावते त्याले शेला, नारळ अन् चढा भाव. लाल निशाण म्हणजे तसाच मुहूर्त, जो आधी घुसला तो जिंकला, हे मी मनाशी धरून टाकलं.

व्याजदर ठरायच्या आदल्या दिवशी साडभावाचा फोन आला. उद्या अरुणावतीच्या धरणावर गोवऱ्या पेटवून रोडगे भाजू अन् वांग्याची भाजी करू, तुम्ही दोघंबी चला. माह्या डोक्यात किडा वळवळला. नेमकं उद्याच काहून? मले बाजारापासून दूर ठेवायचं, दुसरं काय! मले आज शेअरबाजार पाहायचा हाय म्हणून बायकोले एकटीलेच त्याईच्या गाडीत बसवून दिलं अन् मी दुकानाचं शटर अर्धं पाडून मोबाइल घेऊन बसलो. गाडीसाठी ठेवलेले पैसे घोषणेच्या आधीच बँकांच्या ऑप्शनात, म्हणजे बँकांचा भाव चढेल या पैजेवर, लावून मोकळा झालो.

घोषणा झाली. भाव उसळला, मी आनंदानं खुर्चीतून उठलो, अन् परत बसेपर्यंत तो धाडकन खाली आला. विकायचं बटन दाबलं तवा हाती येण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

सांजेले बायको आली. तोंड उन्हानं रापलेलं, पण हसरं. माह्यासाठी डब्यात रोडगे आणलेले. ते वाढता वाढता ती सांगू लागली, की लाल निशाणाच्या आदल्या दिवशीच साडभाऊ सगळे सौदे काढून टाकतात अन् त्या दिवशी बाजाराकडं पाहतबी नाहीत. कोणत्या दिवशी बाजारातून बाहेर राहायचं, हे समजायलेच त्याईले ते कॅलेंडर लागते म्हणे. अन् तोच दिवस ते तिच्या बहिणीले फिरवायले ठेवतात.

मी रोडगा मोडत राह्यलो. गाडीच्या पैशाचं तोंडातून निघालं नाही. तो हुशार निघाला त्याचं मले इतकं नव्हतं लागलं, जितकं त्याच्या रिकाम्या दिवसाचं लागलं.

"पुढचा लाल दिवस कधी हाय, तेवढं मले सांगून ठेवा," ती म्हणाली. "मी त्याईले येते म्हणून सांगितलं. तुम्ही बसा बाजारात."