आठव्या प्रकरणातला खड्डा

प्रेत पुरायला एका माणसाला किती वेळ लागतो, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

माहीत असण्याचं कारणही नव्हतं. मी बँकेतून मुदतीआधी निवृत्त झालेला माणूस आणि अनघा, म्हणजे आमची सौ., शाळेत गणित शिकवते. पण गुप्तहेर हेरंब दिघे यांच्या रहस्यकथा पुढे लिहायचं माझ्या डोक्यात आलं आणि असले प्रश्न आमच्या भूगावच्या फ्लॅटमध्ये रोज चहाबरोबर येऊ लागले. ("अगं, मानेवर वार केला तर रक्त कुठपर्यंत उडेल?" असं मी एकदा बाल्कनीतून ओरडून विचारलं. तेव्हापासून शेजारचे गृहस्थ माझ्याबरोबर लिफ्टमध्ये चढत नाहीत.)

हेरंब दिघे ज्यांना ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. काळी टोपी, खिशात अडकित्ता आणि बेचाळीस पुस्तकं! बाराव्या वर्षी मी ती भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचली. त्यामुळे मला आजही नद्यांपेक्षा विषं जास्त माहीत आहेत. पुढे लेखक वारले आणि त्रेचाळिसाव्या पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात हेरंब एका बंद दारासमोर उभा राहिला, तो पंचवीस वर्षं तसाच! ते दार आपण उघडावं म्हणून मी नोकरी सोडली होती. खरं सांगतो, आयुष्यात दुसरं काही मी इतकं मनापासून मागितलेलं नाही.

परवानगी होती लेखकांच्या कन्येच्या, सुलभाताईंच्या हाती. वय बाहत्तर, नजर हेरंबची. लिहून झालेली प्रकरणं मी त्यांना वाचायला पाठवली.

"आठवं प्रकरण पटत नाही," त्यांचा फोन आला. "खुनी भरदुपारी, एकटा, दोन तासांत खड्डा खणतो, प्रेत पुरतो आणि गावात कुणाला पत्ता नाही? बाबा प्रत्येक युक्ती आधी करून बघायचे. लहानपणी मी चार वेळा पेटाऱ्यात बसले आहे."

"मीही करून बघितलंय!" मी ठोकून दिलं.

"छान. मग रविवारी माझ्यासमोर करा. जमलं तर सही करते. नाही जमलं तर हेरंब आहे तिथे बरा आहे."

मुठा गावात आमची चार गुंठे जागा आणि दोन खोल्यांचं घर आहे. रविवारी आम्ही तिथे पोचलो. सुलभाताई आंब्याखाली खुर्ची टाकून बसल्या. अनघाने मोबाइलवर वेळ लावली. प्रेत म्हणून एक जुनी गादी गुंडाळून चादरीत बांधली होती. (तिच्यावर मी आठ वर्षं झोपलो होतो, त्यामुळे जरा भरूनच आलं.) बरोबर साडेबाराला, गाव जेवायला बसलेलं असताना, मी कुदळ उचलली.

भात काढून झालेलं, जमीन कडक. दहा मिनिटांत मी एवढा खड्डा केला, की त्यात कोथिंबीर बऱ्यापैकी आली असती.

"खुनी चाळिशीचा आहे," मी धापा टाकत खुलासा केला.

"लिहिताना मग त्याचे गुडघेही चाळिशीचे ठेवा," सुलभाताई म्हणाल्या.

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारचे बबनदादा आले. हात अजून खरकटा.

"काय सायेब, एकलेच?"

"हो. एकट्यानेच करायचंय."

"आसं कुटं आसतंय व्हय? आमी काय मेलोय?" त्यांनी हात धोतराला पुसला आणि माझ्या हातातली कुदळ काढून घेतली.

"दादा, नको! खरंच नको!"

"लाजताय कशापायी? भाताच्या आवणीला आख्खं गाव एकमेकाच्या खाचरात उतरतंय. हितं एकट्यानं राबायची रीत न्हाई!" आणि त्यांनी गावाकडे तोंड करून अशी हाळी दिली, की आंब्यावरचे पक्षी उडाले.

पाच मिनिटांत सात माणसं हजर! घमेली आली, पहार आली. मागोमाग दादांच्या मंडळी, हौसाआक्का, चहाची किटली घेऊन आल्या. मी प्रत्येकाच्या हाताला धरून विनवत होतो आणि प्रत्येकाला ती माझी भिडस्त वागणूक वाटत होती.

"पंचवीस मिनिटं," अनघाने जाहीर केलं. "माणसं आठ. एका माणसाला किती, ते काढू का?"

"गप्प बस!"

खड्डा कमरेइतका झाल्यावर हौसाआक्कांनी विचारलं, "पर सायेब, ह्यो खड्डा कशाला?"

सगळ्या कुदळी थांबल्या. रहस्यकथाकाराला अशा वेळी चटकन काहीतरी सुचायला हवं. मला सुचलं.

"संडासाची टाकी!"

"आन् येवढीच?" बबनदादा कळवळले. "सायेब, तुमी दोघं, त्यात पावनंरावळं. आठ बाय आठ तरी पायजेच! थांबा, जावई आलाय जेवायला. त्याचा जेसीबी दारातच हुबा हाय."

"जेसीबी नको!!" मी किंचाळलो.

जावई तोंडात सुपारी टाकून आला. सासऱ्याचा शब्द म्हटल्यावर गडी पेटलाच होता. तीन खेपांत खड्ड्याचा हौद झाला. चौथ्या खेपेला आमच्या पाण्याचा पाइप फुटला. पाण्याचा फवारा उडाला, बघता बघता खड्डा भरला, मी मागे सरलो, पाय गादीला लागला आणि प्रेत घरंगळत जाऊन खड्ड्यात तरंगू लागलं! त्याला धरायला वाकलो तो मीही आत.

आठ माणसांनी मला ओढून वर काढलं. मागाहून प्रेतही.

चिखलात बसल्या बसल्या मी सुलभाताईंकडे पाहिलं. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. संपलं, मला वाटलं. हेरंब त्या दारापाशीच राहणार, आणि त्याला तिथे कायमचा उभा करून ठेवणारा मीच. पोटात खड्डा पडला. (एव्हाना खड्ड्यांची सवय व्हायला हरकत नव्हती.) मी सगळं खरं सांगून टाकलं. पुस्तक, खून, परीक्षा, सगळं.

कुणी हसलं नाही. बबनदादांनी टोपी काढली. "आमच्यापायी तुमचं काम बिघाडलं म्हना की," ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका पडला, की मलाच गलबलून आलं.

सुलभाताई हौसाआक्कांकडे वळल्या. "बाई, समजा यांनी खरंच खून केला असता, तर?"

"तर काय?" आक्का म्हणाल्या. "आदी खड्डा करून दिला आसता. मंग इचारलं आसतं."

सुलभाताई मटकन खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "बाबा आज इथे हवे होते हो! आठवं प्रकरण फाडा. या गावात कुणाला एकट्याने काही पुरता येणार नाही. सही मी करते, पण एका अटीवर. पुढचं प्रत्येक प्रकरण आधी या बाईंना वाचून दाखवायचं."

मी ओल्या कपड्यांनिशी त्यांच्या पाया पडलो. त्यांची साडीही खराब झाली.

पुढच्याच रविवारी मी आक्कांच्या ओसरीवर नवं आठवं प्रकरण वाचलं. नऊ संशयित, तीन खोटे धागेदोरे, खुनी शेवटच्या पानापर्यंत झाकलेला! आक्का तांदूळ निवडत ऐकत होत्या. दुसऱ्या पानावर त्यांनी हात वर केला.

"त्यो बंगलेवाला. पुण्याहून येतो त्यो. त्यानंच मारलंय."

मी गार पडलो. "कसं ओळखलंत?"

"खून लई अर्धवट केलाय, सायेब. गावचं मानूस हाती घेतलेलं काम आसं सोडत न्हाई."

त्या बंगलेवाल्याचं वर्णन मी आरशात बघून लिहिलं होतं.