पाणसळ मध्यावर

अकरा सोमवारांबद्दल मी आजवर तोंड उघडलेलं नाही. बायकोपाशी नाही, करोल बागेत रोज ज्यांच्यासोबत चहा घेतो त्या मित्रांपाशीही नाही. तुम्हाला सांगतो. सरळ सांगता येईल असं वाटत नाही — पण सांगतो.

मी वीस वर्षं दिल्लीत मराठी वर्तमानपत्रांसाठी बातमीदारी केली. स्वतः बघितल्याशिवाय लिहायचं नाही, ही आमची शिस्त. ती नोकरी गेल्यावर एका संशोधन प्रकल्पात नोंदी ठेवायचं काम मिळालं, तेही या शिस्तीच्या नावावर. प्रकल्प झाडांच्या शेंड्यांवरच्या हवेचा होता. जंगलावरून जाणारा वारा शेंड्यांना अडतो, घुसळला जातो. धूळ वर जाणार की खाली बसणार, हे त्यावर ठरतं. ते मोजायला मानेसरमागच्या टेकडीवर, एका रिकाम्या वनचौकीच्या गच्चीवर लेसरचं यंत्र ठेवलं होतं. ते आकाशात किरण सोडायचं आणि धुळीवरून परतलेल्या प्रकाशातून वाऱ्याचा वेग काढायचं.

दर सोमवारी मी तिथे जायचो. कारखान्याच्या कामगारांसोबत शेअर ऑटो, मग पाऊण तास चढ. काच पुसायची, केबल बघायची, यंत्र सपाट आहे का ते तपासायचं. यंत्र जरासं तिरकं झालं तरी आडवा वारा वर चढल्यासारखा दिसतो. कल मोजणारा आतला भाग बिघडला होता, नवा येतच नव्हता. उरली तळाची गोल पाणसळ, बुडबुडा मध्यावर असला की यंत्र सपाट — आणि तिच्यावर झाकण, झाकणाला चार स्क्रू. असं यंत्र कोण बनवतं? तापलेल्या फरशीवर गुडघे टेका, घामाने निसटणाऱ्या किल्लीने चार स्क्रू काढा, बुडबुडा बघा, चार स्क्रू परत लावा. आणि बुडबुडा मध्यावरच. दर वेळी!

एका सोमवारी माकडांनी केबल ओढून यंत्राच्या पायात अडकवली होती. मी वैतागून यंत्राचा एक कोपरा उचलला, केबल सोडवली, कोपरा टेकवला. तो पाय फरशीच्या फुटक्या कडेवर गेला असावा. असावा म्हणतो — कारण मी बघितलं नाही. वहीत लिहिलं, 'पाणसळ मध्यावर'. पुढच्या सोमवारीही तेच लिहिलं, स्क्रूंना हात न लावता. त्याच्या पुढच्याही. असे अकरा सोमवार झाले.

या आकड्यांवर दिल्लीच्या ऑफिसात रेश्मा शेख काम करत होती. उदगीरची मुलगी, पीएचडी करून आलेली, वर्षाच्या करारावर. करार वाढणार की नाही, हे या उन्हाळ्याच्या निष्कर्षांवर होतं. तिला दिसत होतं की शेंड्यांवरची हवा सतत वर चढते आहे. ती माझ्या टेबलापाशी आली.

"काका, लेव्हल बघता ना दर वेळी? मला कल आल्यासारखा वाटतोय. या सोमवारी मीही येऊ का?"

मी चिडलो. का? तिने नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं म्हणून. "वीस वर्षं बातम्या दिल्यात मी. न बघता लिहीन का?"

"सॉरी काका. तुम्ही लिहिलंय म्हणजे बघितलंच असणार."

ती परत जाऊन कामाला लागली. तिने माझी वही पुरावा म्हणून धरली आणि निष्कर्ष लिहिला.

बैठकीत दुसऱ्या गटाने शेजारच्या मनोऱ्यावरची मोजमापं मांडली. त्यात हवा अशी चढत नव्हती. प्रकल्पप्रमुख हसले, "मैडम, आपके पेड़ हवा उगल रहे हैं क्या?" सगळे हसले. रेश्मा म्हणाली, यंत्र तिरकं असेल. प्रमुखांनी माझी वही उघडून तिच्यापुढे सरकवली. अकरा नोंदी, सुवाच्य अक्षरात. तिने माझ्याकडे बघितलं. मी इतिवृत्त लिहीत होतो. मान खाली घालून मी लिहिलं — 'विश्लेषणात त्रुटी'. त्याच दुपारी तिला प्रकल्पातून काढलं.

पुढच्या सोमवारी मी चारही स्क्रू काढले. बुडबुडा कडेला चिकटलेला होता. मी यंत्र सपाट केलं आणि लिहिलं, 'पाणसळ मध्यावर'. ही नोंद खरी होती, पण आधीच्या अकरांपेक्षा वेगळी दिसत नव्हती. त्या आठवड्यापासून आकडे सुधारले. साहजिक आहे. प्रमुख म्हणाले, "देखा? मैडम गई, हवा सुधर गई." तेव्हा तरी बोलायचं ना? दहा मिनिटांच्या कामाचा कंटाळा केला, तिथवर समजून घेता येईल. पण यंत्र नीट करून मी तिच्याविरुद्ध शेवटचा पुरावा तयार केला, आणि हे मला कळत होतं.

आता नव्या माणसांना ती वही नमुना म्हणून दाखवतात. नोंद कशी ठेवावी, बघा! मी शेजारी उभा असतो. रेश्मा उदगीरला कॉलेजात शिकवते. दिवाळीला तिचा मेसेज येतो — काका, कसे आहात? मी लिहितो, मजेत.

वर्तमानपत्रात चूक गेली की आतल्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती छापतात. अशा कितीतरी मी लिहिल्या, बहुतेक दुसऱ्यांच्या चुकांच्या. ही राहिली होती. रेश्मा शेख यांच्या विश्लेषणात त्रुटी नव्हती. यंत्र तिरकं होतं, आणि अकरा सोमवार पाणसळ मी न बघता लिहिली.