पुढच्या चाकाखालचं लिंबू

अन्याय झाला तो माझ्या चुलत बहिणीवर. मागच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी आठच्या सुमारास, मूर्तिजापूरच्या अलीकडच्या एका लेआउटमध्ये. तिथं प्लॉटचे दगड रोवलेत, घर एकही नाही. मधला डांबरी रस्ता सरळसोट आहे. मालकाची परवानगी घेऊन, दोन्ही तोंडं बंद करून अकोला-अमरावतीचे गाडीवेडे तिथं पाव मैलाच्या धावा लावतात. उभ्या गाडीनं सुटायचं आणि चारशे मीटरवरच्या चुन्याच्या रेघेपर्यंत किती सेकंद लागले ते यंत्रावर बघायचं. बस, एवढाच खेळ.

ताईची गाडी मुळात काकांची. काका निवृत्त मास्तर, आणि त्यांची ती जुनी आठशे सीसीची गाडी अंगणात पडून होती. ताईनं जठारपेठेतल्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये तिचं इंजिन उतरवलं आणि अपघातात चेपलेल्या एका मोठ्या गाडीचं सोळाशेचं इंजिन आत बसवलं. बसवलं असं म्हणायला सोपं आहे. इंजिन धरून ठेवणारे कंस नव्यानं वेल्ड करावे लागले, रेडिएटर सरकवावा लागला, बॉनेट तरी बोटभर वरच राहिलं. अशी गाडी रस्त्यावर काढता येत नाही, म्हणून टेम्पोत चढवून न्यायची. अंग हलकं आणि ताकद अचाट, त्यामुळं सुटताना तिची पुढची चाकं जागच्या जागी फिरतात. पहिले दोन सेकंद सांभाळले तर धाव जमते, नाही तर नुसता धूर.

काकांनी शब्द दिला होता. पंधरा सेकंदांच्या आत आणलीस तर हिवाळ्यातल्या मोठ्या शर्यतीत तू चालवशील, नाही तर तुझा दादा. दादानं त्या शेडमध्ये कधी चहाचा कपसुद्धा उचलला नव्हता. सरावात ताईनं चौदा पूर्णांक आठ आणले होते. तेव्हा काका नव्हते, म्हणून ते धरायचे नाहीत असं ठरलं.

त्या सकाळी तिनं टायर घासून गरम करून घेतले आणि गाडी रेघेवर लावली. तेवढ्यात काका पिशवी घेऊन आले. झेंडूचा हार, नारळ, दोन लिंबं. आमच्याकडं दसऱ्याला आणि कुठल्याही मोठ्या कामाला निघताना गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात, ते फोडतच गाडी पुढं जाते. मागं घ्यायची नाही, अपशकुन होतो.

ताई खाली उतरली. लिंबाचा रस टायरखाली आला तर रबर घसरणार, हे तिला कळत होतं. पण ती भांडली नाही.

"बाबा, मांगच्या चाकाखाली ठेवा ना."

"कावून? समोर काय झालं?"

"ही गाडी समोरचे चाकं वढतात. मांगचे नुसते मांगून येतात. लिंबू बी फुटन, गाडी बी सुटन."

काकांनी चष्मा वर केला. गाडीभोवती एक चक्कर मारली. "मांगून तं मांगून. देवाले काय फरक पडते," म्हणाले, आणि खरंच मागच्या चाकापाशी वाकले.

तिथं मी तोंड उघडलं.

मी अमरावतीत राहतो आणि अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं लिहितो. पन्नास माणसं जमलेली दिसली की माझ्या अंगात येतं. मी म्हणालो, इंजिन लिंबावर चालत नाही. निवृत्त शिक्षकानं मुलांसमोर हा प्रकार करावा याची लाज वाटते. मुलीनं घाम गाळला आणि श्रेय नारळाला, असं किती दिवस चालणार? कोणीतरी मोबाईल उभा केला. मग तर माझा आवाज आणखीच चढला.

काका सरळ झाले. "लय शिकला का बे तू? पूजेचा पेढा मांगून मांगून खाते अन् मले शिकवते?"

लोक हसले. ताई मला डोळ्यांनी गप्प राहा म्हणत होती. मी तिच्याकडं बघितलंच नाही.

"आता समोरच्याच चाकाखाली ठेवतो," काका म्हणाले. "पाहू कोन काढते तं." दोन्ही लिंबं पुढं गेली. नारळ बॉनेटसमोर फुटला आणि पाणी बरोब्बर गरम टायरांपुढं सांडलं.

हिरवा झेंडा पडला. चाकं गरगर फिरली, गाडी तिरकी झाली, ताईनं ती सावरली आणि नेली. पंधरा पूर्णांक सात.

"तं मंग दादा चालवन," काका म्हणाले. जेव्हा बोलायला हवं होतं, तेव्हा मी तोंड उघडलं नाही.

टेम्पोत गाडी चढवताना ताई मला म्हणाली, "जमलं होतं ना, बाबू. तुले कोनं बोलावलं होतं?"

माझ्या भाषणाचा व्हिडिओ खूप फिरला. शाबास म्हणणारे फोन आले. त्याच्या शेवटी, धाव सुटली तरी, मी पुढं उभा राहून हात हलवतोय आणि माझ्या खांद्यामागं एक छोटी पांढरी गाडी धुरात घसरतेय. तिच्याकडं कोणाचंच लक्ष नाही. मी ती शाबासकी घेतली, ताईला फोन केला नाही.

काकांकडं दोनदा गेलो. पहिल्यांदा पुन्हा वादच घातला. दुसऱ्यांदा माफी मागितली, तर म्हणाले, "माफी ठीक आहे, पण शब्द म्हंजे शब्द." हिवाळी शर्यतीसाठी दादा आता सराव करतो. ताई त्याला गिअर कधी टाकायचा ते शेजारी बसून सांगते.

शर्यतीआधी त्याच लेआउटमध्ये आणखी एकदा सगळे जमणार आहेत. तुम्ही अकोल्याचे असा की अमरावतीचे, तिथं या. काकांना नमस्कार करा, त्यांच्या हातचा पेढा घ्या, लिंबं मागच्या चाकाखाली ठेवायला त्यांना हात द्या, आणि ताईसाठी एक कोरडी धाव मागा. मिळेपर्यंत हलू नका. आणि मी बोलायला उभा राहिलो, तर मला खाली बसवा.